अँड्रूज भगिनींचे सहगायन : स्वरमेळ, श्रेय आणि समीक्षेचे निकष

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकन जनप्रिय संगीताच्या इतिहासात साधारणपणे १९३५ ते १९४६ हा कालखंड 'बिग बँड युग' म्हणून ओळखला जातो. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिस येथील पालोमार नृत्यगृहात बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाला मिळालेला अभूतपूर्व प्रतिसाद हा या युगाचा आरंभ, तर डिसेंबर १९४६ मध्ये अनेक नामांकित वाद्यवृंदांचे झालेले विसर्जन हा त्याचा शेवट मानण्याचा प्रघात आहे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचे स्वतंत्र गट आणि त्यांना तालाचा आधार देणारे पियानो, गिटार, बास व ड्रम अशी या वाद्यवृंदांची रचना असे. नृत्यासाठी वाजविल्या जाणाऱ्या या संगीतात गायकाचे स्थान आरंभी दुय्यम होते. वाद्यवृंद हा नायक आणि गायक हा त्यातील एक प्रसंगोपात्त घटक, असा हा क्रम होता.

या क्रमाला छेद देणाऱ्या कलावंतांमध्ये सख्ख्या भावंडांच्या गायनवृंदांचा वाटा मोठा आहे. बॉसवेल भगिनी, मिल्स बंधू, किंग भगिनी, डिनिंग भगिनी अशी अनेक नावे या संदर्भात घेता येतात. त्यांपैकी व्यावसायिक दृष्ट्या सर्वाधिक यशस्वी ठरलेला वृंद म्हणजे मिनिॲपोलिसच्या अँड्रूज भगिनी : लाव्हर्न (१९११–१९६७), मॅक्सीन (१९१६–१९९५) आणि पॅटी (१९१८–२०१३).

अँड्रूज भगिनींविषयीचे लेखन ढोबळमानाने दोन टोकांत विभागलेले दिसते. एका बाजूस दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या लाडक्या गायिका म्हणून त्यांचे स्मरणरंजनपर गौरवीकरण होते. दुसऱ्या बाजूस जॅझचे जाणकार त्यांना बॉसवेल भगिनींच्या सफाईदार पण सपाट अनुकर्त्या ठरवून बाजूला सारतात. जॉन स्फोर्झा यांचे २००० मधील आणि एच. आर्लो निम्मो यांचे २००४ मधील चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तपशिलांची उणीव उरलेली नाही. उणीव आहे ती मूल्यमापनाच्या निकषांची. प्रस्तुत लेखात या वृंदाच्या कारकिर्दीचे परीक्षण तीन प्रश्नांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. या गायनाचे कलात्मक वैशिष्ट्य नेमके कोणते? त्या यशाचे श्रेय कोणाकोणाचे? आणि 'भगिनी' या सामूहिक नावाखाली तीन स्वतंत्र कलावंत स्त्रियांचे काय झाले?

निकट स्वरमेळ : संकल्पना आणि पूर्वपरंपरा

मराठी श्रोत्याला परिचित असलेले सहगायन बहुतांशी एकस्वरी असते. भजनातील टाळकरी, आरती म्हणणारा समुदाय किंवा शाळेतील समूहगीत यांत सारे जण एकच चाल एकाच वेळी म्हणतात. जुगलबंदीत दोन कलावंत असले तरी ते प्रामुख्याने आळीपाळीने राग फुलवितात. पाश्चात्त्य स्वरमेळाचे तत्त्व याहून वेगळे आहे. तेथे एकाच क्षणी, एकाच अक्षरावर, तीन गायिका तीन भिन्न स्वर लावतात आणि ऐकणाऱ्याला त्या तिन्हींचा मिळून एक संयुक्त स्वर ऐकू येतो. हे तीन स्वर एका सप्तकाच्या आत, परस्परांना लगटून ठेवले की त्यास निकट स्वरमेळ म्हणता येईल. स्वर जितके जवळ, तितकी चूक उघडी पडण्याची शक्यता अधिक. एकीचा श्वास क्षणभर आधी संपला, एकीने स्वरवर्ण किंचित निराळा उच्चारला, तरी संयुक्त स्वर फुटतो. एकाच घरात, एकाच बोलीत वाढलेल्या भावंडांना या प्रकारात जे नैसर्गिक साहाय्य मिळते त्याचे कारण येथे आहे. त्यांचे उच्चार आणि बोलण्याची लय मुळातच एक असते.

या तंत्राला बिग बँड युगाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले ते न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेल्या बॉसवेल भगिनींनी. मार्था, कॉनी आणि व्हेट या तिघींना बालपणी अनुक्रमे पियानो, चेलो आणि व्हायोलिन या वाद्यांचे अभिजात शिक्षण मिळाले होते. पुढे त्यांनी शहरातील जॅझ आत्मसात केला. १९२५ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९३१ ते १९३५ या काळात ब्रन्सविक कंपनीसाठी त्यांनी आपले सर्वोत्तम काम केले. एकाच गाण्यात लय बदलणे, मध्येच स्वरपट्टी पालटणे, मूळ चाल मोडून नवी बांधणे, शब्दांची जागा निरर्थक अक्षरांना देणे या गोष्टी त्यांच्या गायनात सहज आढळतात. एला फिट्झगेराल्ड यांनी कॉनी बॉसवेल यांचे ऋण वारंवार मान्य केले आहे. १९३६ मध्ये, तिघींच्या विवाहानंतर, हा वृंद थांबला. कॉनी यांनी एकल गायन पुढे चालू ठेवले.

बॉसवेल भगिनींच्या ब्रन्सविकमधील कारकिर्दीला आकार देणारे निर्माते जॅक कॅप यांनी १९३४ मध्ये डेक्का कंपनीच्या अमेरिकन शाखेची धुरा सांभाळली, ही बाब या संदर्भात महत्त्वाची आहे. इतर कंपन्यांची ध्वनिमुद्रिका ७५ सेंटला मिळत असताना डेक्काने ती ३५ सेंटला विकण्यास आरंभ केला. महामंदीच्या काळातील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून आखलेले हे धोरण होते आणि त्याच्याशी सुसंगत असा कॅप यांचा सांगीतिक आग्रहही होता. चाल ओळखू आली पाहिजे, गुणगुणता आली पाहिजे. बॉसवेल भगिनींच्या मोडतोडीला त्यांनी या आग्रहापायी वेळोवेळी आवर घातला होता. १९३७ मध्ये त्याच कॅप यांच्या कंपनीत अँड्रूज भगिनी दाखल झाल्या. दोन वृंदांतील फरकाचा विचार करताना केवळ प्रतिभेची तुलना पुरेशी ठरत नाही. एकाच निर्मात्याच्या बाजारविषयक धोरणाचे हे दोन भिन्न टप्पे आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते.

घडण : कुटुंब, श्रम आणि श्रवणशिक्षण

अँड्रूज भगिनींचे वडील पीटर हे ग्रीक स्थलांतरित, तर आई ओली या नॉर्वेजियन वंशाच्या होत्या. वडिलांचा उपाहारगृहाचा व्यवसाय मंदीच्या काळात टिकला नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभी लॅरी रिच यांच्या फिरत्या रंगमंडळीत मुलींनी प्रवेश केला तेव्हा पॅटी जेमतेम किशोरवयीन होत्या. पुढची काही वर्षे आईवडिलांसह मोटारीतून गावोगाव फिरत, मिळेल त्या रंगमंचावर गात या कुटुंबाने काढली. मुलींचे गाणे ही या घराची हौस नव्हती, ती उपजीविका होती. १९३७ मध्ये लिऑन बेलास्को यांच्या वाद्यवृंदातील काम संपल्यावर मुलींनी घरी परतून कार्यालयीन कामाचे शिक्षण घ्यावे, असा वडिलांचा आग्रह होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील एका हॉटेलातून प्रसारित झालेले त्यांचे गाणे डेक्काच्या लोकांच्या कानी पडले आणि करार झाला.

या भगिनींपैकी केवळ लाव्हर्न यांना स्वरलेखन वाचता येत असे. उर्वरित दोघींचे शिक्षण कानावर झाले आणि त्या शिक्षणाचे पाठ्यपुस्तक म्हणजे बॉसवेल भगिनींच्या ध्वनिमुद्रिका. दक्षिणेकडील उच्चारांसकट आपण त्यांची नक्कल करीत होतो, हे या भगिनींनी कधी लपविले नाही. अनुकरणाचा आरोप म्हणूनच वस्तुस्थितीच्या दृष्टीने खरा आहे. प्रश्न इतकाच उरतो की अनुकरणातून जे सिद्ध झाले ते मूळासारखेच आहे काय?

'पितळी' गायन : कलात्मक वैशिष्ट्य

ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्यास या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते. बॉसवेल भगिनींचे गायन हे तीन वादकांच्या खासगी संवादासारखे आहे. लहान वाद्यमेळात, कमी आवाजात, क्षणोक्षणी दिशा बदलणारे. अँड्रूज भगिनींचे गायन हे मोठ्या वाद्यवृंदाच्या पितळी विभागासारखे आहे. पॅटी मधली मुख्य चाल गातात, मॅक्सीन तिच्या वर आणि लाव्हर्न तिच्या खाली. तिघींचे अक्षर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी तोडले जाते. ओळीच्या शेवटी स्वर खाली घसरविण्याची ट्रम्पेटवादकांची लकब तिघी एकत्रितपणे साधतात. वाद्यवृंद एक वाक्प्रयोग करतो, गळे त्याला उत्तर देतात, आणि काही वेळा कोण बोलले व कोणी उत्तर दिले हा भेदच पुसट होतो.

मिल्स बंधूंशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ओहायो राज्यातील या चार कृष्णवर्णीय भावांनी एका गिटारीच्या साथीवर तोंडाने ट्रम्पेट, ट्यूबा आदी वाद्यांचे आवाज हुबेहूब काढून कीर्ती मिळविली. तेथे वाद्याच्या नादाची नक्कल आहे. अँड्रूज भगिनी नादाची नक्कल करीत नाहीत. त्या शब्दच गातात, परंतु शब्दांची फेक, आघात आणि विराम पितळी वाद्यांकडून घेतात. म्हणजेच गायनाने वाद्यवृंदाच्या व्याकरणाचा स्वीकार केलेला आहे.

१९४१ च्या 'बक प्रायव्हेट्स' या चित्रपटातील 'बूगी वूगी ब्यूगल बॉय' हे गाणे या पद्धतीचे उत्कृष्ट उदाहरण ठरते. डॉन रे आणि ह्यूई प्रिन्स यांच्या या रचनेला ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले होते. सैन्यात भरती झालेल्या एका ट्रम्पेटवादकाची ही हलकीफुलकी कथा. तीन गायिका ती कथा सांगता सांगता स्वतःच त्या वादकाचे वाद्य होतात. वेगवान लयीत अक्षरांची गर्दी असूनही एकही शब्द अस्पष्ट राहत नाही. ही केवळ सफाई नव्हे, तर तिघींनी मिळून प्राप्त केलेली तालविषयक अचूकता आहे. बॉसवेल भगिनींकडे ती या स्वरूपात नव्हती, कारण त्यांना तिची गरज नव्हती.

या वैशिष्ट्याच्या जडणघडणीत व्हिक शोएन यांचा वाटा अनिवार्यपणे नोंदवावा लागतो. बेलास्को यांच्या वाद्यवृंदातील हा तरुण ट्रम्पेटवादक पुढे अँड्रूज भगिनींच्या बहुसंख्य डेक्का ध्वनिमुद्रिकांचा संगीत संयोजक व संचालक झाला. तीन गळ्यांना पितळी विभागाचे स्थान देण्याची कल्पना एका ट्रम्पेटवादकाच्या रचनेत साकार व्हावी, हे सयुक्तिकच आहे. तथापि सामान्य श्रोत्याला शोएन यांचे नाव फारसे ठाऊक नाही. हिंदी चित्रपटसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड या गोमंतकीय संयोजकांच्या वाट्याला आलेले अल्पश्रेय मराठी अभ्यासकांना परिचित आहे. संयोजकाची ही अदृश्यता ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या रचनेतच अंतर्भूत असावी, असे यावरून दिसते.

श्रेयाचा प्रश्न : तीन गाण्यांची साक्ष

अँड्रूज भगिनींच्या यशाची तीन मोठी गाणी श्रेयाच्या दृष्टीने तपासली असता एक सातत्य आढळते.

पहिले गाणे 'बाय मिर बिस्ट दू शेन'. शोलोम सेकुंडा यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या यिद्दिश रंगभूमीवरील एका संगीत नाटकासाठी ही चाल बांधली. शब्द जेकब जेकब्स यांचे होते. पुढे सेकुंडा यांनी त्याचे हक्क अवघ्या ३० डॉलरना विकले आणि ती रक्कमही दोघांत वाटली गेली. सॅमी कान आणि सॉल चॅप्लिन यांनी इंग्रजी शब्द लिहिले व २४ नोव्हेंबर १९३७ रोजी अँड्रूज भगिनींनी ते डेक्कासाठी गायिले. ध्वनिमुद्रिकेच्या दुय्यम बाजूस ठेवलेले हे गाणे १९३८ च्या आरंभी देशभर गाजले आणि अनोळखी मुलींचा हा वृंद एका रात्रीत प्रसिद्ध झाला. मूळ संगीतकाराला मात्र हक्क परत मिळण्यासाठी १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली. गायिकांनाही या ध्वनिमुद्रिकेसाठी आरंभी एकरकमी बिदागीच मिळाली होती, ही नोंद येथे आवश्यक आहे. लाभार्थी आणि वंचित यांची विभागणी गायक विरुद्ध रचनाकार अशी सरळ नव्हती.

दुसरे गाणे 'डोन्ट फेन्स मी इन'. बिंग क्रॉस्बी यांच्यासह गायिलेले हे गाणे १९४४ च्या अखेरीपासून 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या यादीत आठ आठवडे प्रथम स्थानी होते. ते कोल पोर्टर यांचे म्हणून सर्वश्रुत असले तरी त्याचा मूळ आधार माँटाना राज्यातील रस्तेबांधणी खात्यातील अभियंते रॉबर्ट फ्लेचर यांची कविता हा होय. ती पोर्टर यांनी २५० डॉलरना विकत घेतली होती.

तिसरे आणि सर्वाधिक वादग्रस्त गाणे 'रम अँड कोकाकोला'. १९४० च्या ब्रिटन-अमेरिका करारानंतर त्रिनिदाद बेटावर अमेरिकन लष्करी तळ उभारले गेले. या तळांमुळे बेटावरील समाजजीवनात जे घडले त्यावर लॉर्ड इन्व्हेडर या नावाने गाणाऱ्या रूपर्ट ग्रँट यांनी १९४३ मध्ये एक कॅलिप्सो रचला. परदेशी सैनिकांच्या पैशामागे आई आणि मुलगी दोघीही कशा ओढल्या जातात, हा त्याचा कटू उपरोधाचा विषय. त्याची चाल त्रिनिदादचेच संगीतकार लायोनेल बेलास्को यांच्या जुन्या गीताशी जुळणारी होती. (वाद्यवृंदप्रमुख लिऑन बेलास्को यांच्याशी असलेले नामसाधर्म्य केवळ योगायोगाचे आहे.) विनोदी नट मोरी ॲम्स्टरडॅम यांनी सैनिकांच्या करमणुकीसाठी त्रिनिदादला भेट दिली आणि परतल्यावर हे गाणे अमेरिकेत त्यांच्या व सहकाऱ्यांच्या नावे प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर १९४४ मध्ये अँड्रूज भगिनींनी ते ध्वनिमुद्रित केले. १९४५ मध्ये ते 'बिलबोर्ड'च्या यादीत दहा आठवडे अग्रस्थानी होते. पुढे शब्द आणि चाल यांविषयी स्वतंत्र खटले चालले व १९४७ आणि १९४८ मध्ये अमेरिकन न्यायालयांनी दोन्ही बाबतींत मूळ पक्षाच्या बाजूने निर्णय दिले.

येथे कलात्मक वैशिष्ट्य आणि नैतिक प्रश्न परस्परांत गुंततात. अँड्रूज भगिनींच्या गायनात प्रत्येक अक्षराला सारखे वजन असते आणि स्वरमेळाची उजळ, प्रसन्न पातळी ढळत नाही. 'बूगी वूगी ब्यूगल बॉय'मध्ये हे बलस्थान ठरते. 'रम अँड कोकाकोला'मध्ये तेच मर्यादा होते. उपरोधासाठी शब्दाशब्दांत वजनाचा फरक करावा लागतो, एखादी ओळ दाबून तर एखादी सोडून म्हणावी लागते. तिन्ही गळे एकाच आघाताने चालणाऱ्या या पद्धतीत तशी जागाच नाही. परिणामी वसाहतीतील दैन्याचे गाणे सहलीचे गाणे होऊन बसले. या गाण्याच्या प्रसारणाला नभोवाणी कंपन्यांनी घेतलेले आक्षेपही मद्याच्या उल्लेखाविषयी आणि एका पेयाच्या फुकट जाहिरातीविषयी होते. आई-मुलीच्या अवस्थेविषयी ते नव्हते. शब्दांच्या अर्थाकडे त्या वेळी आपले फारसे लक्षच गेले नव्हते, असे या भगिनींनी नंतरच्या काळात सांगितले आहे. हे विधान प्रामाणिक मानण्यास हरकत नाही, परंतु ते स्पष्टीकरण आहे, समर्थन नव्हे.

याच अनुषंगाने बूगी वूगी शैलीचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे. ही मूलतः कृष्णवर्णीय पियानोवादकांची शैली. डिसेंबर १९३८ मध्ये कार्नेगी सभागृहातील 'फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग' या कार्यक्रमात अल्बर्ट ॲमन्स, पीट जॉन्सन आणि मीड लक्स लुइस यांनी ती प्रतिष्ठित श्रोत्यांसमोर आणली. दोनच वर्षांनंतर ती अँड्रूज भगिनींच्या लोकप्रियतेचा आधार झाली. अमेरिकन सैन्यातील वर्णभेद संपुष्टात आणण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश १९४८ मधील आहे. म्हणजे ज्या सैन्याचे मनोबल या शैलीने उंचावले त्या सैन्यात शैलीचे मूळ निर्माते वेगळ्या तुकड्यांत विभागलेले होते. १९४१ मध्येच वॉल्टर लँट्झ यांनी याच गाण्यावर काढलेल्या व्यंगचित्रपटातील कृष्णवर्णीय सैनिकांचे साचेबंद चित्रण या विसंगतीवर पुरेसा प्रकाश टाकते.

'भगिनी' हे नाव आणि तीन स्त्रिया

१ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादक संघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये संघाशी तडजोड केली, तर इतर मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी नोव्हेंबर १९४४ पर्यंत वेळ घेतला. या संपाने वाद्यवृंदांचे वर्चस्व ओसरण्यास आणि गायकांचे महत्त्व वाढण्यास हातभार लावला. अँड्रूज भगिनींना या बदलाचा लाभ झाला. तडजोडीनंतर लगोलग त्यांनी क्रॉस्बी यांच्यासह 'पिस्टल पॅकिन मामा' ध्वनिमुद्रित केले. चित्रपट, नभोवाणी, सैनिकांसाठीच्या खास ध्वनिमुद्रिका, १९४५ मधील इटलीचा दौरा अशा सर्व माध्यमांतून त्यांचा संचार होता.

परंतु गायकाचे महत्त्व वाढणे म्हणजे कालांतराने एका गायकाचे महत्त्व वाढणे होय. १९४९ मध्ये गॉर्डन जेंकिन्स यांच्या संयोजनात निघालेले 'आय कॅन ड्रीम, कान्ट आय' हे गाणे या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ते यादीत अव्वल ठरले, मात्र त्यात पॅटी यांचा एकल आवाज अग्रभागी असून मॅक्सीन व लाव्हर्न पार्श्वभूमीला गेल्या आहेत. तीन समान गळ्यांचा पितळी विभाग येथे विसर्जित झालेला दिसतो. वृंदाची फाटाफूट १९५३–५४ मधील असली तरी ध्वनिमुद्रिकेत ती चार वर्षे अगोदरच ऐकू येते.

या फाटाफुटीचे वर्णन चरित्रकार आणि वृत्तपत्रे यांनी बहुधा कौटुंबिक कलह म्हणून केले आहे. आईचे १९४८ मध्ये आणि वडिलांचे १९४९ मध्ये झालेले निधन, मॅक्सीन व व्यवस्थापक लू लेव्ही यांचा संपुष्टात आलेला विवाह, पॅटी यांचा वृंदाच्या पियानोवादकाशी १९५१ मध्ये झालेला विवाह ही कारणे खरीच आहेत. तथापि त्यांच्या मुळाशी एक श्रमविषयक प्रश्न होता. चाल पेलणारी, एकल ओळी गाणारी आणि पडद्यावर अधिक दिसणारी पॅटी यांना समान वाटा रास्त वाटावा काय? आणि ज्यांच्या वरच्या-खालच्या स्वरांवाचून ती चाल 'अँड्रूज भगिनींची' होत नाही, त्या दोघींचे योगदान कमी कसे मानावे? कुटुंब हीच जेथे व्यावसायिक संस्था असते तेथे असे प्रश्न करारपत्राच्या भाषेत मांडले जात नाहीत. ते मानापमानाच्या भाषेत मांडले जातात आणि म्हणून सुटत नाहीत. पॅटी एकल कारकीर्द करणार असल्याचे दोघी बहिणींना वृत्तपत्रांतून समजले, असे सांगितले जाते, ते या दृष्टीने बोलके आहे.

१९५६ मध्ये तिघी पुन्हा एकत्र आल्या व लाव्हर्न यांच्या आजारपणापर्यंत गात राहिल्या. मधल्या काळात पॅटी यांना एकटीने आणि दोघींना जोडीने पूर्वीचे यश मिळाले नव्हते. लाव्हर्न यांचे मे १९६७ मध्ये निधन झाले. १९७३ मध्ये बेट मिडलर यांनी 'बूगी वूगी ब्यूगल बॉय' नव्याने गाऊन गाजविले. १९७४ मध्ये मॅक्सीन व पॅटी 'ओव्हर हिअर' या ब्रॉडवे संगीतिकेत झळकल्या, पण जानेवारी १९७५ मध्ये तिचा प्रयोग मानधनाच्या वादात बंद पडला आणि दोघींत कायमचा दुरावा आला. ज्या प्रश्नाने १९५३–५४ मध्ये वृंद फोडला, त्याच्याशी मिळताजुळता प्रश्न वीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला, हे योगायोगाचे नव्हे.

येथे कलाविषयक निष्कर्षही निघतो. लाव्हर्न यांचा खालचा स्वर सामान्य श्रोत्याला वेगळा ऐकू येत नसे. तिघींत त्यांचे कौतुकही सर्वांत कमी झाले. मात्र तो स्वर गेल्यावर उरलेल्या दोघींच्या गाण्यात पूर्वीची भरीव घनता पुन्हा येऊ शकली नाही. स्वरमेळात जो स्वर जाणवत नाही तोच अनेकदा इतरांना तोलून धरत असतो. श्रेयाची वाटणी जाणवण्याच्या प्रमाणात करणारी समीक्षा हा स्वर हमखास गमावते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. अँड्रूज भगिनींनी बॉसवेल भगिनींचे तंत्र उचलले, परंतु त्याचे प्रयोजन बदलले. बॉसवेल भगिनींची श्रेष्ठता पुनर्रचनेत आहे, तर अँड्रूज भगिनींची मोठ्या वाद्यवृंदाशी एकरूप होणाऱ्या सामूहिक तालाच्या अचूकतेत आहे. नवनिर्मिती हा एकमेव निकष मानल्यास पहिल्या वृंदाला न्याय मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही.

२. त्यांच्या पद्धतीची समपातळी प्रसन्नता हीच तिची मर्यादाही आहे. उपरोध, करुण आणि द्व्यर्थ यांना ती पद्धती अपुरी पडते. 'रम अँड कोकाकोला' हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. स्मरणरंजनपर लेखन या मर्यादेकडे डोळेझाक करते.

३. त्यांच्या यशात यिद्दिश रंगभूमी, त्रिनिदादचा कॅलिप्सो, कृष्णवर्णीय पियानोवादक, एक संगीत संयोजक आणि एक अज्ञात कवी यांचे श्रम सामावलेले आहेत. या श्रमांची नोंद केल्याने भगिनींचे कर्तृत्व उणावत नाही. कारण गाणे कोठून आले आणि ते कसे गायिले गेले हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मात्र पहिल्याचे उत्तर टाळून दुसऱ्याचा गौरव करता येणार नाही.

४. ज्या उद्योगाने सेकुंडा आणि लॉर्ड इन्व्हेडर यांना डावलले, त्याच उद्योगात 'भगिनी' या एका नावाखाली तीन स्त्रियांचे स्वतंत्र श्रमही झाकले गेले. त्यांच्या बेबनावाकडे केवळ घरगुती भांडण म्हणून पाहणे हे त्या झाकण्याचेच पुढचे पाऊल ठरते.

एकूण पाहता जनप्रिय संगीताच्या समीक्षेला एकाच कर्त्याचा शोध घेण्याची सवय सोडावी लागेल. अँड्रूज भगिनींच्या ध्वनिमुद्रिकेत जो एक आवाज ऐकू येतो तो अनेकांचा मिळून बनलेला आहे. त्याचे रसग्रहण करताना ते अनेक जण कोण, हे विचारणे हा रसभंग नसून रसग्रहणाचाच एक अपरिहार्य भाग आहे.